जुने गोवे आणि पणजी बघायला येताय? सारखे सारखे विचारले जाणारे प्रश्न

मी मूळची सावंतवाडीची, लग्नानंतर पणजीत आले आणि तेव्हापासून आमच्याकडे पाहुणे कधी थांबलेच नाहीत. मे महिना, दिवाळी, नाताळ, कोणी ना कोणी असतंच, आणि प्रत्येकाचा फोन आला की तेच प्रश्न, म्हणून म्हटलं एकदाच सगळं नीट लिहून ठेवते. बीचची माहिती इथे नाही, ती सगळ्यांना असते. हे जुन्या बंदराबद्दल आहे, मांडवीच्या काठावरच्या त्या शहराबद्दल ज्याच्यासाठी अरब, तुर्क, पोर्तुगीज सगळे इथवर आले.

जुन्या गोव्यात चर्च सोडून बघण्यासारखं आहे काय?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि खरं सांगू का, चूक तुमची नाही, आपल्याला ते दाखवलंच तसं जातं. बस थांबते, एक चर्च, समोरचं दुसरं चर्च, फोटो, परत बस. पण ही चर्चं म्हणजे एका मोठ्या शहराची उरलेली हाडं आहेत हो. घरं गेली, बाजार गेले, गोदी गेली, राजवाडे गेले, आणि देवाची म्हणून बांधलेली तेवढी राहिली. पोर्तुगीज यायच्या आधीपासून हे बंदर होतं, विजापूरच्या आदिलशहाचं, आणि त्याच्याही आधी कदंबांची राजधानी जुवारीच्या बाजूला होती, गोपकपट्टण म्हणून. अरबस्तानातून, इराणच्या आखाताच्या तोंडावरच्या होर्मुझहून घोडे जहाजात घालून इथे आणायचे आणि ते पुढे घाट चढून विजयनगरला जायचे. ज्याच्या हातात घोडा त्याच्या हातात लढाई, म्हणून या एका धक्क्यावर सगळ्यांचा डोळा. अफोन्सो द आल्बुकेर्कनं १५१० मध्ये हे शहर घेतलं, काही महिन्यांत आदिलशहानं परत मिळवलं, आणि २५ नोव्हेंबरला पोर्तुगीजांनी पुन्हा घेतलं ते १९६१ पर्यंत सोडलं नाही. एवढं डोक्यात ठेवून गेलात ना की मग तीच चर्चं वेगळी दिसतात.

सुरुवात कुठून करायची?

नदीवरून. हे मी अगदी हट्टानं सांगते. गाडी पार्किंगला लावा आणि चर्चकडे न वळता आधी खाली फेरी धक्क्यावर चालत जा, पाच-सात मिनिटं लागतात. तिथे नदीकडे तोंड करून दोन मिनिटं उभे राहा, समोर दिवाडी बेट, मध्ये मांडवी, आणि मग मागे वळा. समोर व्हाइसरॉयची, म्हणजे पोर्तुगालच्या राजाच्या इथल्या मुख्य कारभाऱ्याची, कमान दिसेल. लिस्बनहून निघालेला माणूस मोझांबिकवरून सहा-सहा महिने समुद्रात काढून इथे उतरायचा आणि या कमानीखालून शहरात शिरायचा, नवीन व्हाइसरॉयला शहराच्या किल्ल्या पण इथेच द्यायचे. कमान १५९७ च्या सुमारास फ्रान्सिस्को द गामानं उभारली, वास्को द गामाचा हा पणतू, म्हणून नदीच्या बाजूला वरती वास्कोचा पुतळा आहे. आता कमानीखालून आत या आणि परत वर बघा, बहुतेक लोक हे बघत नाहीत. आतल्या बाजूला एका बाईची मूर्ती आहे आणि तिच्या पायाखाली एक माणूस आडवा पडलाय, तो इथलाच, म्हणजे आपल्यातला, असं काही जण मानतात. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा पोटात खड्डा पडला होता. आता आहे ती कमान १९५४ मध्ये पुन्हा बांधलेली आहे.

पुढे काय? नुसता रस्ता तर आहे.

हो, आता नुसता डांबरी रस्ता आणि बाजूला गवत, माड. पण हाच तो रुआ दिरैता, सरळ रस्ता, शहराचा मुख्य बाजार. १५८० च्या दशकात लिन्स्कोटेन नावाचा डच माणूस इथे आर्चबिशपकडे नोकरीला होता, त्यानं या रस्त्याचं वर्णन लिहून ठेवलंय. रोज सकाळी इथे लिलाव भरायचा, अरबी घोडे, मसाले, कापड, गालिचे, कर्ज बुडवलेल्याच्या घरातलं सामान, आणि माणसं सुद्धा, गुलाम म्हणून विकायला उभी केलेली. सोनार, सावकार, व्यापारी सगळे दुतर्फा. आणि गंमत बघा, लिलाव हा आपला शब्द आहे ना तो पोर्तुगीज 'लेइलांव' वरूनच आलाय. आमच्या सावंतवाडीला काजूच्या बागेचा लिलाव असायचा तेव्हा हा शब्द मी हजारदा ऐकलाय, तो अशा कुठल्यातरी रस्त्यावरून चालत आपल्या घरात आला हे मला इथे उभं राहून कळलं. घमेलं, बिजागरी, पिंप, चावी, पगार, बटाटा, पाव, काजू, अननस, हे सगळे त्याच वाटेचे. हापूस तर आल्बुकेर्कच्या नावातल्या अफोन्सोवरून.

किती वेळ ठेवायचा?

पूर्ण दिवस. निदान सकाळचे चार-पाच तास तरी. गेल्या वर्षी आत्या टूरबरोबर आली होती, बसवाल्यानं सगळ्यांना चाळीस मिनिटं दिली, त्यात पार्किंगपासून चालणं आणि बाथरूमची लाइन आलीच. ती घरी आली आणि म्हणाली, "अगो, काय बघितलं तेच कळलं नाही." दुसऱ्या दिवशी मी तिला परत घेऊन गेले, आठ वाजता पोचलो, बारापर्यंत फिरलो, मध्ये बसत बसत. त्या दिवशी रात्री जेवताना तीच सगळ्यांना सांगत होती. म्हणून टूरमधून येत असाल तरी एक सकाळ स्वतःची काढाच.

पोचायचं कसं?

पणजीच्या कदंब स्टँडवरून बस सारख्या असतात, फोंड्याला जाणाऱ्या बऱ्याच बस जुन्या गोव्यावरूनच जातात, साधारण दहा किलोमीटर. कोकण रेल्वेनं येणार असाल तर करमळी स्टेशन अगदी जवळ आहे, आणि थंडीत आलात तर स्टेशनशेजारच्या तळ्यावर पक्षी बघायला मिळतात. स्वतःची गाडी असेल तर बायपासनं न जाता रायबंदरच्या जुन्या रस्त्यानं जा. पणजी सोडल्यावर जो लांबलचक बांध लागतो, एका बाजूला नदी आणि दुसऱ्या बाजूला मिठागरं, तो १६३३-३४ चा आहे, पोंते द लिन्यारेस. जवळजवळ चारशे वर्षांचा आणि अजून आपण त्यावरून गाड्या हाकतो.

चर्चमध्ये जायचे काही नियम? चप्पल काढायची का?

चप्पल काढावी लागत नाही, टोपी मात्र काढायची. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत, बीचवरून थेट शॉर्ट्समध्ये येऊ नका. तिकीट नाही. रविवारी सकाळी मास, म्हणजे सामूहिक प्रार्थना, असतात तेव्हा पाहुण्यासारखं फिरणं बरं दिसत नाही, शक्यतो दुसरा दिवस धरा. आतमध्ये खरंच लोक प्रार्थना करत असतात, आपण मंगेशीला गाभाऱ्यासमोर जसे वागतो तसंच वागायचं, पोज देऊन फोटो काढायचे नाहीत.

बॉम जीझसला प्लास्टर का नाही? काम अर्धवट राहिलंय का?

नाही, आधी प्लास्टर होतं, १९५० च्या दशकात काढून टाकलं, जुनं दिसावं म्हणून. चर्च १५९४ ला सुरू झालं आणि १६०५ ला पूर्ण झालं. त्या भिंतीजवळ जाऊन बघा, तो जांभा आहे, आपल्या कोकणातल्या घराचा चिरा, तोच लालसर, भोकाभोकांचा. फक्त समोरच्या भागातलं नक्षीकाम दुसऱ्या, कडक दगडात आहे. आता जांभा म्हणजे पाऊस पिणारा दगड हे आपल्याला वेगळं सांगायला नको, उघडा चिरा चार महिने भिजला की त्याचं काय होतं ते प्रत्येक कोकणी माणसाला ठाऊक आहे, त्यामुळे प्लास्टर परत लावावं असं इथल्या कितीतरी जणांना वाटतं, मलाही वाटतं. पावसाळ्यात गेलात तर भिंतीवरची हिरवट शेवाळ दिसेल, ती बघितली की कसंतरी होतं.

सेंट झेवियरचं शव बघायला मिळतं का?

रोज नाही मिळत. चांदीची पेटी बॉम जीझसमध्येच उंचावर आहे, खालून तेवढी दिसते. शव खाली आणून दर्शनाला ठेवतात ते दर दहा वर्षांनी, मागचं झालं २१ नोव्हेंबर २०२४ ते ५ जानेवारी २०२५, तेव्हा पुढचं लांब आहे. झेवियर हा ख्रिस्ती धर्मप्रसारक, तो १५५२ मध्ये चीनच्या किनाऱ्याजवळच्या बेटावर वारला आणि शव नंतर इथे आणलं. पण पेटी नीट बघा, ती गोव्याच्या सोनारांनी १६३० च्या दशकात घडवली आहे आणि खालचा संगमरवरी चौथरा इटलीत घडून १६९८ मध्ये इथे बसवला, तस्कनीच्या, म्हणजे फ्लॉरेन्सच्या, ड्यूकनं पाठवलेला, फोज्जिनी नावाच्या शिल्पकाराचा. फ्लॉरेन्सच्या संगमरवरावर गोव्याची चांदी. बंदर म्हणजे काय ते या एका जागी कळतं. ३ डिसेंबरला फेस्त, म्हणजे झेवियरचा सण, असतं, तेव्हा गर्दी प्रचंड पण फेरी, म्हणजे जत्रा, बघायला मजा, खाजें घ्यायला विसरू नका, आल्याचं आणि गुळाचं, आपल्या जत्रेतल्या खाजासारखंच.

संभाजी महाराजांचा या शहराशी संबंध आहे म्हणतात, तो काय?

आहे आणि मोठा आहे, मराठी माणसानं हे माहीत करून मगच यावं असं मला वाटतं. १६८३ मध्ये व्हाइसरॉय कोंद द आल्व्होरनं फोंड्याच्या किल्ल्याला वेढा घातला, महाराज स्वतः आले आणि त्याला मागे फिरावं लागलं. मग २४ नोव्हेंबरच्या रात्री मराठ्यांनी ओहोटी बघून जुवें बेटावरचा किल्ला घेतला, हे बेट जुन्या गोव्यापासून हाकेच्या अंतरावर. दुसऱ्या दिवशी व्हाइसरॉय ते परत घ्यायला गेला आणि जेमतेम जीव वाचवून आला. शहरात एवढी घबराट की तो बॉम जीझसमध्ये गेला, झेवियरची पेटी उघडायला लावली आणि आपला राजदंड शवाजवळ ठेवून दिला, आता तूच सांभाळ म्हणून. पुढे मोगलांचा शहजादा मोठी फौज घेऊन रामघाटानं कोकणात उतरला आणि मराठ्यांना माघार घ्यावी लागली. आत्याला मी पेटीसमोर उभं करून हे सांगितलं तेव्हा ती कितीतरी वेळ हललीच नाही. डोंगरावरच्या माउंट चर्चपाशी चढून जा, संध्याकाळी, तिथून नदी, बेटं, झाडीतून वर आलेले मनोरे सगळं दिसतं, आणि मराठे किती जवळ आले होते ते डोळ्यांनी कळतं.

से कॅथेड्रलला एकच मनोरा का?

दुसरा १७७६ मध्ये कोसळला, परत बांधला नाही. उरलेल्या मनोऱ्यात सोन्याची घंटा म्हणतात ती मोठी घंटा आहे, आवाजामुळे ते नाव. काम १५६२ ला सुरू झालं. आत गेल्यावर खिडक्या बघा, काही ठिकाणी काचेऐवजी शिंपल्याच्या चकत्या बसवल्यात, पातळ, पापडासारख्या, लाकडी चौकटीत एकीला एक लावलेल्या. त्यातून ऊन आत येतं ते दुधासारखं येतं, डोळ्याला लागत नाही. इथल्या खाडीतलं शिंपलं आणि इथलाच सुतार. पणजीतल्या जुन्या घरांना पण या खिडक्या आहेत.

सेंट ऑगस्टीनचे अवशेष कुठे आहेत?

मुख्य चर्चपासून पुढे टेकडीवर, चालत दहा-बारा मिनिटं. सगळ्या जुन्या गोव्यात मला सगळ्यात आवडणारी जागा, आणि गर्दी कमी. जांभ्याचा ४६ मीटर उंच मनोरा एकटाच उभा आहे, अर्धा. १८३५ मध्ये मठ रिकामे करायला लावले, मग देखभाल नाही, १८४२ ला छत पडलं, १९३१ ला दर्शनी भाग पडला. जमिनीवर थडग्यांच्या शिळा आहेत, त्यावरची नक्षी आणि अक्षरं वाकून बघा. जॉर्जिया देशाची राणी केतेवान, तिचे अवशेष इथे उत्खननात सापडले आणि २०२१ मध्ये भारतानं ते जॉर्जियाला दिले. इथली घंटा आता पणजीच्या मोठ्या चर्चवर आहे, तीच पांढऱ्या पायऱ्यांची, सिनेमात दिसते ती.

एवढं मोठं शहर ओस कसं पडलं?

पाण्यानं आणि रोगानं मुख्यतः. सखल जागा, दाट वस्ती, सांडपाणी विहिरीत झिरपायचं, कॉलरा, मलेरिया, साथीवर साथ. त्यात डच आले, त्यांनी समुद्रात पोर्तुगीजांचा व्यापार तोडला, गोव्याच्या तोंडाशी जहाजं अडवून धरली. "गोवा पाहिलं त्यानं लिस्बन पाहायला नको" अशी म्हण होती, आणि त्याच शहरातून माणसं निघून जायला लागली. व्हाइसरॉय १६९५ मध्ये शेजारच्या पणेलीला गेला, १७५९ मध्ये पणजीला, आणि १८४३ मध्ये पणजी अधिकृत राजधानी झाली. जुन्या इमारती पाडून त्यांचा दगड पणजीला नेला, म्हणजे पणजीत फिरताना तुम्ही थोडं जुनं गोवेच बघत असता.

इन्क्विझिशनची जागा दाखवतात का?

इन्क्विझिशन म्हणजे ख्रिस्ती धर्माविरुद्ध वागल्याचा संशय येईल त्याची चौकशी करून शिक्षा देणारं पोर्तुगीजांचं धर्मन्यायालय. त्याचा वाडा आता नाही, से कॅथेड्रलच्या जवळच्या मोकळ्या मैदानाच्या बाजूला होता, आदिलशाही काळातला वाडाच त्यासाठी घेतला होता. १५६० ते १८१२, मधली काही वर्षं सोडली तर अडीचशे वर्षं. याबद्दल मुलांना सांगायचं की नाही असं पाहुणे विचारतात. सांगा, पण तिथे आज प्रार्थनेला आलेल्या माणसावर राग काढू नका, त्याचेही पूर्वज याच मातीतले आणि तेही त्यात भरडले गेले.

आपल्या भाषेचं काही आहे का तिथे?

आहे ना. भारतातला पहिला छापखाना १५५६ मध्ये इथेच आला, सेंट पॉल कॉलेजमध्ये, त्या कॉलेजची आता फक्त एक कमान उभी आहे, रस्त्याच्या कडेला, गाडीतून जाताना सहज निसटते. आणि थॉमस स्टीफन्स हा इंग्रज पाद्री १५७९ मध्ये गोव्यात आला, मराठी शिकला, आणि ओवीमध्ये क्रिस्तपुराण लिहिलं, ते १६१६ मध्ये गोव्यातल्याच रायतूरला छापलं, रोमन लिपीत.

म्युझियम बघावं का?

पुरातत्त्व खात्याचं जरूर बघा, सेंट फ्रान्सिस चर्चला लागून आहे, शुक्रवारी बंद असतं. व्हाइसरॉयांची ओळीनं चित्रं आहेत, पण मी म्हणेन खालचे वीरगळ आधी बघा, कदंब काळातले, काहींवर जहाजातली लढाई कोरलेली.

त्याच दिवशी मंगेशी, शांतादुर्गा होईल का?

होतं, सकाळी जुने गोवे आणि दुपारनंतर फोंडा. आणि दोन्ही एकत्र बघण्यात अर्थ आहे. मंगेशी मूळ कुठ्ठाळची, शांतादुर्गा केळशीची, म्हाळसा वेर्ण्याची. पोर्तुगीज देवळं पाडायला लागले तेव्हा लोकांनी रातोरात देव उचलून नदीपलीकडे आणले, कारण फोंडा तेव्हा त्यांच्या ताब्यात नव्हता. अजून एक, वेळ असेल तर नार्वेचं सप्तकोटेश्वर. कदंबांचा देव, मूळ दिवाडी बेटावरचा, आणि देऊळ शिवाजी महाराजांनी १६६८ मध्ये बांधायला लावलं, दारावर शिलालेख आहे.

पणजीतलं फोंताईनश म्हणजे रंगीत घरांची गल्ली ना? फोटोला कधी जावं?

सकाळी लवकर, आठच्या आत, ऊन तिरपं असतं आणि पोदेर, म्हणजे पाववाला, सायकलवरून भोंगा वाजवत फिरत असतो, त्याच्याकडून गरम पोई, म्हणजे इथला पाव, घ्या. पण एक विनंती आहे, मनापासून. ती लोकांची राहती घरं आहेत. परवाच एका आजीच्या दाराच्या पायरीवर चारजण शूटिंग करत होते, तिला बाजाराला बाहेर पडायचं होतं आणि ती पिशवी घेऊन दारात उभी, कोणी हलेना. रस्त्यावरून फोटो काढा, पायऱ्या चढू नका, खिडकीत डोकावू नका. रंग का, तर पांढरा रंग चर्चसाठी राखलेला होता, घरांना निळा, पिवळा, लाल. जवळच सेंट सेबॅस्टियन चॅपल आहे, त्यातला क्रूस इन्क्विझिशनच्या वाड्यातून आणलेला, येशूचे डोळे उघडे आहेत त्याचे.

शाकाहारी जेवणाचं काय?

काळजीच नको. पणजी मार्केटजवळच्या जुन्या हॉटेलांत सकाळी भाजी-पाव मागा, पातळ भाजी आणि सुकी भाजी मिक्स, सोबत मिरचीची भजी. जुन्या गोव्यात मात्र पर्याय कमी, पाणी आणि काहीतरी खाऊ बरोबर ठेवा.

भाषेची अडचण येईल का?

अजिबात नाही, मराठीत बोला, उत्तर कोंकणीत येईल आणि दोघांना सगळं कळेल. निघताना "देव बरें करूं" म्हणा, म्हणजे धन्यवाद, समोरच्याचा चेहरा खुलतो.

सासूबाईंचे गुडघे दुखतात, त्यांना जमेल का?

बॉम जीझस आणि से कॅथेड्रल सपाटीवर आहेत, जमेल. माउंट चर्चला गाडी बरीच वरपर्यंत जाते. ऑगस्टीनला जमीन उंचसखल आहे, काठी हवी. आणि चालून चालून दमल्या की त्यांना परत धक्क्यावर न्या आणि दिवाडीच्या फेरीत बसवा, चालत जाणाऱ्याला तिकीट नाही, पाच-सात मिनिटांत पलीकडे. उतरायचं नसेल तर त्याच फेरीतून परत या. मधोमध आलात की त्यांना कमानीच्या बाजूला तोंड करून बसवा, माडांमधून मनोरे दिसायला लागतात, जहाजावरच्या माणसाला दिसायचे तसे.